घंटी पोचली, आवाज नाही

फोन मी उजव्या कानाला लावते. डाव्या कानाला फारसं काही कळत नाही. त्या कानावर नवऱ्याने मारलं होतं, आणि मारलं तेही फोननेच. साधा बटणांचा फोन होता. तो मुठीत धरून त्याने कानशिलावर हाणला. पहिल्या फटक्याला फोनचं मागचं झाकण उडालं, दुसऱ्याला कानातून रक्त आलं. पुढचे किती बसले ते मला माहीत नाही. कानात शिट्टी सुरू झाली होती आणि त्या शिट्टीत तो काय ओरडतोय ते ऐकू येत नव्हतं. तेवढं एक बरं झालं.

कारण होतं मिस कॉल. माझी आई आजऱ्याच्या पलीकडे, पार दुसऱ्या टोकाला. नवऱ्याला नागपूरला गोदामात काम मिळालं म्हणून मी इतक्या लांब आले. आईशी बोलायला त्याची परवानगी लागायची. म्हणून आईने युक्ती काढली. संध्याकाळी ती एक रिंग द्यायची आणि कट करायची. म्हणजे, "आहेस ना?" मी उलट एक रिंग देऊन कट करायची. म्हणजे, "आहे." एवढंच बोलणं.

त्याने ते नंबर पाहिले.

"रोज कोण रिंग देतं?"

"आई."

"मग बोलत का नाही ती?"

बोलले असते तर बोलल्याबद्दल मार बसला असता. बोलले नाही म्हणून संशयाचा बसला.

शेजारणीने मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून मी या घरात आले. घर कुठे आहे ते सांगत नाही, कारण सांगायचं नसतं. नवऱ्याच्या हातून सुटलेल्या बायका इथे राहतात. संस्थेचं ऑफिस मात्र उघड आहे, धरमपेठेत, पाटी लावून. घराला पाटी नाही.

फाटकाजवळच्या खोलीत एक मावशी असायची. जाड, पायाने जरा लंगडी, तोंडाने तिखट. मी पायरीवर बसून रडत होते तेव्हा ती ताट घेऊन आली.

"काहून रडून राहिली वं?"

मी तोंड पदरात लपवलं.

"बरं, नको सांगू. भात खाय आधी. रडणं कुठी पळून नाई जात."

तो "वं" मला विचित्र लागला होता. आमच्याकडे "गं" म्हणतात. पण त्या दिवसापासून कोणी "वं" म्हटलं की मला पोटात ऊब वाटते. लोकांना हसू येईल, येऊ दे.

मी सातवीत शाळा सोडली. घरात चार बायका शिकलेल्या होत्या, पण त्या कोर्टाच्या तारखांत आणि लेकरांत अडकलेल्या. म्हणून इंटरनेटचे फोन बसवायला माणूस आला तेव्हा मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. "हिला शिकवा. ही घाबरते फार, म्हणजे नीट लक्ष ठेवेल."

माणूस भिवापूरचा. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, तारा आणि मावशीसाठी मिरच्या.

"कोल्हापूरकडची का तू? तुमच्या मिरचीले नुसता रंग असते."

"आणि तुमच्या मिरचीला?"

"आमची खाल्ली का माणूस माहेर आठवते."

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही हो भाऊ. तो म्हणाला, "फोनले तरी कुठी येते? पाच-सहा शब्द येतात त्याले. तेवढे तुले बी येईन."

मी ते शब्द असे शिकले. हे फोन तारेने टेलिफोन खात्याला जोडलेले नसतात. ते इंटरनेटवर असतात. ऑफिसात एक लहानशी पेटी बसवली होती, सगळ्या फोनांची ओळख ठेवणारी. आमच्या घरातला फोन सुरू झाला की आधी त्या पेटीला कळवतो, "मी अमुक फोन, आत्ता या ठिकाणी आहे." याला रजिस्टर म्हणतात. एकदा सांगून भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा सांगावं लागतं, नाहीतर पेटी समजते की हा फोन गेला. हे मला लगेच कळलं. मी आणि आई तेच तर करत होतो.

मग हाक. एका फोनला दुसऱ्याशी बोलायचं असलं की तो पेटीकडे आमंत्रण पाठवतो, इन्व्हाइट. पेटी म्हणते, थांब, बघते. ती आमंत्रण पुढे पाठवते. पलीकडचा फोन वाजायला लागतो आणि उलट निरोप देतो, "वाजतोय." कोणी उचलला की निरोप येतो, "ओके." मग पहिला फोन म्हणतो, "समजलं." आणि बोलणं संपलं की "बाय." या सगळ्या निरोपांच्या रीतीला ते लोक सिप म्हणतात.

"आणि आवाज?" मी विचारलं.

भाऊ खूश झाला. "हेच तर कोणी विचारत नाई! आवाज या निरोपातून जातच नाई. निरोपांचा रस्ता वेगळा, आवाजाचा वेगळा. निरोप पेटीतून जाते. आवाज ह्या फोनातून सरळ त्या फोनात."

मला आमच्या गावचं हळदीकुंकवाचं बोलावणं आठवलं. लहान असताना आई मला घरोघर पाठवायची, "आईने बोलावलंय." बाई म्हणायची, "येते म्हणून सांग." ते मी घरी येऊन सांगायची. पण बाई काही माझ्या फ्रॉकच्या खिशात बसून येत नसे. ती तिच्या वाटेने, तिच्या पायांनी यायची. तिला आमचं घर माहीत असलं तरच पोचायची.

"बस," भाऊ म्हणाला, "झाली तू इंजिनेर."

घरात तीन फोन बसले. एक फाटकावर, एक स्वयंपाकघरात, एक वरच्या मजल्यावर. त्यावरून बाहेर कुठे लागत नसे, फक्त आपसांत आणि ऑफिसला. बायकांचे मोबाईल आल्या दिवशीच बंद करून बाईंच्या कपाटात ठेवत. मोबाईलवरून माग काढतात नवरे.

आणि मग भाऊने डोक्याला हात लावला. कारण आम्ही त्या फोनांवर मिस कॉल द्यायला लागलो. संस्थेची ती जुनी सवय. ऑफिसला एक मिस कॉल म्हणजे माणूस सुखरूप पोचला, दोन म्हणजे गाडी पाठवा, तीन म्हणजे मारामारी, पोलीस घेऊन या. तीन कधी द्यावे लागले नव्हते.

"अवं, फुकटचा फोन आहे ना हा! बोला ना, घंटाभर बोला. मिस कॉल काहून देऊन राहिल्या?"

मावशी म्हणाली, "आमाले बोलायची सवय नाई बाप्पा. आमचे नवरे बोलू देत होते का?"

भाऊने कान पकडले. मग सगळ्या हसलो. हसताना माझा कान दुखला.

तो मे महिना होता. नागपूरची मे महिन्यातली दुपार म्हणजे गल्लीत कुत्रंही नाही. प्रत्येक खिडकीला कूलर, आणि प्रत्येक कूलर असा घरघरतो की शेजारच्या घरात खून झाला तरी ऐकू येऊ नये. हे मी उगाच लिहीत नाही.

सकाळी इंटरनेट कंपनीचा पोरगेला माणूस येऊन जुना डबा काढून नवा बसवून गेला. आमच्या घराचं इंटरनेट त्या डब्यातून बाहेर जायचं. जाताना त्याने फाटकावरून ऑफिसला फोन लावला. पलीकडे घंटी वाजल्याची खूण आली तसा त्याने ठेवून दिला.

"घंटी गेली ना मावशी? मंग झालं. सही करा."

घरातल्या अधीक्षक बाई एका मुलीला घेऊन कोर्टात गेल्या होत्या, आणि घरातला एकमेव चालू मोबाईल त्यांच्यासोबत. वरच्या मजल्यावर बायका-लेकरं झोपलेली. खाली स्वयंपाकघरात मी आणि एक नवी आलेली, कुहीकडची. धानाच्या शेतात वाढलेली, डोक्याला टाके, एक भुवई भाजलेली. नवऱ्याने चुलीतलं लाकूड लावलं होतं. ती परातीत तांदूळ निवडत होती आणि त्याला नावं ठेवत होती.

"हा का तांदूळ होय? आमच्याकडे कोंबड्याले नाई टाकत असा."

"मग जा घरी, खा चांगला," मी गमतीने म्हटलं.

"घरचा तांदूळ चांगला, घरचा माणूस नाई ना वं."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. फाटकावरून मावशी.

"दार लाव! त्या नवीचा नवरा आला, त्याचा भाऊ बी सोबत आहे, सब्बल आहे हातात. वरचं बी लावाले सांग. दार ला—"

पुढचा शब्द आला नाही. त्याऐवजी एक आवाज आला. ओल्या लाकडावर घाव घातल्यासारखा. रिसीव्हर लोंबकळत राहिला असावा, कारण सगळं येत होतं. पुरुषांची शिवी. "चाबी दे म्हतारे." पुन्हा तो आवाज. मावशीच्या तोंडून बोलणं नाही, नुसती गुळगुळ, तोंडात पाणी धरल्यासारखी. कोणीही "बाय" म्हटलं नव्हतं. कॉल चालू होता. माझ्या चांगल्या कानात मावशीला मारत होते.

घरातल्या घरात आवाज नीट येत होता, हे लक्षात ठेवा. तो आवाज घराबाहेर जात नव्हता, भिंतीतल्या भिंतीत फिरत होता.

ऑफिसला कळवायचं तर हा कॉल तोडायला हवा. मी आजही पहाटे जागी होते ती त्या एका हालचालीपाशी. मी मावशीवर फोन ठेवला. ठेवल्याशिवाय दुसरा लागत नव्हता.

कुहीवाल्या बाईला मी धान्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. जिन्यातून वर ओरडले. वरून लोखंडी जाळी लावल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या दाराला आतून अडसर घातला. मग ऑफिसला फोन.

घंटी गेली. कोणीतरी उचलला. फोनच्या काचेवर सेकंद पळायला लागले. "मारामारी झाली, मावशीला मारलं, पोलीस आणा!" मी जीव तोडून ओरडले. पलीकडून काही नाही. श्वासही नाही. कॉल कट झाला.

पुन्हा लावला. पुन्हा घंटी, पुन्हा सेकंद, पुन्हा मुकाट. नंतर कळलं की ऑफिसात एक नवी मुलगी होती. "हॅलो, हॅलो" करून ती सगळ्यांना सांगत होती, "त्या घरचा फोन आज खराब आहे, नुसताच वाजतो."

दारावर सब्बलीचा, म्हणजे आमच्याकडच्या पहारीचा, पहिला घाव बसला. चुना माझ्या डोळ्यांत आला.

आणि तिथे मला भाऊ आठवला. निरोपांचा रस्ता वेगळा, आवाजाचा वेगळा. घंटी जाते आहे. आवाजच जात नाही. तर घंटीनेच बोलायचं. मी हुशार म्हणून नाही सुचलं. आयुष्यभर दुसरं बोलणंच आलं नव्हतं म्हणून सुचलं.

एक रिंग, कट. एक रिंग, कट. दारावर घाव. अडसराचा एक खिळा निघून फरशीवर नाचला. तिसरी रिंग लावली आणि माझं बोट कट करायच्या आधीच काचेवर सेकंद पळाले. त्या मुलीने आता झडप घालून उचलला होता. तिच्या परीने ती मदतच करत होती. पण तिसरा मिस कॉल मिस झाला नाही. ऑफिसला दोनच पोचले.

दोन म्हणजे गाडी पाठवा.

पुन्हा लावला तर लाइन बिझी. मी फोन सोडला. गॅसवर वरण उकळत होतं.

दार पडलं तेव्हा आधी तिचा दीर आत आला. मी पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं. माझे तळवे त्या पातेल्याला चिकटले. तो छातीवर हात आपटत, बैलासारखा ओरडत बाहेर पळाला. मागून तिचा नवरा आला. सब्बल त्याने डोक्यावर मारली होती, मी वाकले म्हणून खांद्यावर बसली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं आणि दुखलं नंतर. मी पडले. तो धान्याच्या खोलीची कडी काढत होता तेव्हा मी त्याचा पाय धरला. त्याने दुसऱ्या पायाने माझ्या तोंडावर लाथ मारली, न बघता, वाटेतला दगड बाजूला करावा तशी.

तिला त्याने केस धरून ओढत नेलं. टाक्यांतून रक्त निघालं. परात उलटी झाली. ती ओरडत होती आणि गल्लीतले कूलर घरघरत होते. कोणाला ऐकू जाणार?

अंगणाच्या मधोमध त्याने तिला आडवी पाडली. सब्बल दोन्ही हातांनी वर घेतली.

आणि हॉर्न वाजला.

संस्थेचे गाडीवाले काका आले होते, ऑफिसात कोणीतरी दोन मिस कॉल मोजून पाठवलेले. एकटेच, बाजाराची पिशवी घेऊन. दोन मिस कॉल म्हणजे कोणाला तरी दवाखान्यात न्यायचं असेल, एवढंच त्यांच्या मनात. त्यांनी उघडं फाटक पाहिलं, फाटकात आडवी पडलेली मावशी पाहिली, आणि ते खाली उतरले नाहीत. गाडी फाटकात आडवी लावली आणि हॉर्नवर दोन्ही हात दाबून बसले. उचललेच नाहीत. मला नंतर म्हणाले, "मी का पहेलवान आहो का? मले एवढंच येत होतं."

नवऱ्याने सब्बल गाडीच्या काचेवर घातली. काचा काकांच्या तोंडावर, गळ्यावर. हॉर्न थांबला नाही. दुसरा घाव टपावर. हॉर्न चालूच. दुपारच्या झोपेतल्या गल्लीत इतका वेळ हॉर्न म्हटल्यावर लोक आधी शिव्या द्यायला खिडकीत आले. एक कूलर बंद झाला. मग दुसरा. मग मावशीचं कण्हणं गल्लीला ऐकू आलं.

बनियनवरची माणसं धावली. कोणाच्या हातात झाडू, कोणाच्या हातात क्रिकेटचा स्टंप. त्यांनी त्या दोघांना असं मारलं की मला पुन्हा भीती वाटायला लागली. आमच्यासाठी मारत होते, पण आवाज तोच होता, ओल्या लाकडावरचा. पोलीस आले तेव्हा ते दोघे नाल्याच्या कडेला पडले होते. कुहीवालीच्या कोर्टातल्या तारखेनंतर आमच्या गाडीच्या मागे मागे येऊन त्यांनी घर शोधलं होतं, असं पुढे कळलं.

कुहीवाली अंगणात उठून बसली होती. रक्त डोळ्यात जात होतं, पुसत नव्हती. मला म्हणाली, "तांदूळ सांडला वं सगळा."

ती जगली. मी लिहिते आहे म्हणजे मीही.

भाऊ दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्हाला बघून थेट आमच्या घरी गेला आणि तो नवा डबा उघडून बसला. मी खांदा बांधून घरी आले तेव्हा त्याने मला सांगितलं. आमचा फोन आमंत्रणात स्वतःचा पत्ता लिहितो, "माझ्याशी बोलायचं तर आवाज इथे पाठव." पण तो घरातल्या घरातला पत्ता असतो. आमच्या गावात "वडाच्या मागचं घर" म्हटलं की पोचतं, नागपुरात पोचणार का? म्हणून तो पत्ता बाहेर जाताना बदलून नीट बाहेरचा लिहावा लागतो. जुन्या डब्यासोबत भाऊने ती सोय लावलेली होती. नव्या डब्यात कंपनीनेच एक सोय चालू ठेवली होती, निरोप फोडून आत स्वतःच खाडाखोड करणारी. दोघांनी मिळून पत्ता असा केला की घंटी पोचत होती आणि दोन्हीकडचा आवाज भलत्याच दारावर जाऊन मरत होता.

"शहाणपणा करून राहिला होता डबा," भाऊ म्हणाला. त्याने ती सोय बंद केली. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, "घंटी वाजली म्हंजे फोन चालू, असं मीच समजत होतो पयले. लोकाले कोण सांगन?"

म्हणून मी सांगते आहे. हे शिकवणाऱ्याचं, ताट घेऊन येणाऱ्या मावशीचं आणि हॉर्नवरून हात न उचलणाऱ्या काकांचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. ते फिटायचं नाही, आणि मला फेडायची घाईही नाही. नवा फोन कोणी बसवला तर घंटीवर जाऊ नका. पलीकडच्याला बोलायला लावा, आणि तुमचं त्याला ऐकू आलं का ते विचारा. दोन्हीकडून विचारा.

मी रोज सकाळी चहाच्या आधी तिन्ही फोन तपासते. ऑफिसातली ती मुलगी आता मला ओळखते. "ऐकू येतंय, येतंय, काकू, काल पण येत होतं," म्हणते. तिला वैताग येतो, पण ती उत्तर दिल्याशिवाय ठेवत नाही. संध्याकाळी मी आईशी बोलते, बाईंच्या मोबाईलवरून, तोंडाने. तरी आई आधी एक रिंग देऊन कट करतेच. तिची खात्री तेवढ्यानेच होते.

शेवटचा फोन फाटकाचा. मावशी परत आली तेव्हा तिचा जबडा तारेने बांधलेला होता. तोंड उघडायची परवानगी नव्हती, नळीने पातळ खायची. बाईंनी घरी बसायला सांगितलं तर तिने हातानेच नाही म्हटलं आणि फाटकावर जाऊन बसली.

मी फोन लावला. घंटी गेली. तिने उचलला. काचेवर सेकंद पळायला लागले, आणि पलीकडे काहीच नाही. तसंच मुकाट, त्या दुपारसारखं.

"मावशी? मावशी, ऐकू येतं का?"

टक. टक टक.

बांगडी रिसीव्हरवर आपटत होती.

मी उजवा कान घट्ट लावून धरला. तिने आणखी एकदा वाजवलं, जरा रागाने, म्हणजे ठेव आता आणि चहा आण.